पेटीवरचे नाव आणि देशांच्या सीमा

डाळिंबाच्या पेटीवर स्वतःचे नाव छापणे आता आटपाडी तालुक्यात नवलाचे राहिलेले नाही. माणदेशाच्या या कोरड्या मुलखात भगवा वाण आला, ठिबक आले, टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले आणि बागाईतदार आपल्या नावाने माल पाठवू लागला. तो माल दुबईला, ढाक्याला, रॉटरडॅमला पोचतो हे कळल्यावर नावाच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि त्या प्रश्नाला एक तयार उत्तरही रूढ झाले. एकदा ‘इंटरनॅशनल ट्रेडमार्क’ काढला की नाव साऱ्या जगात आपले झाले, असे ते उत्तर. बाजार समितीच्या आवारात ते ऐकू येते, निर्यातीच्या कार्यशाळेत ते सांगितले जाते, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकीत ते गृहीत धरून ठराव होतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्याची किंमत माल परदेशात गेल्यावर, दुरुस्तीची वेळ निघून गेल्यावर मोजावी लागते. म्हणून त्याचे खंडन करणे मला आवश्यक वाटते.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. रूढ मताचा पहिला आधार म्हणजे माद्रिद प्रोटोकॉल: एक अर्ज, एक भाषा, एकदाच शुल्क, आणि सव्वाशेहून अधिक देश. जिनिव्हाहून येणाऱ्या प्रमाणपत्रावर एकच क्रमांक असतो. मग मालकीही एकच, असे मानायला काय हरकत आहे? दुसरा आधार कीर्तीचा. ज्याचे नाव खरोखर गाजले त्याला जगभरची न्यायालये संरक्षण देतात, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही दिले आहे, असे जाणकार सांगतात. तिसरा आधार भौगोलिक मानांकनाचा. सोलापूरच्या डाळिंबाला, सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला, कोल्हापुरी चपलेला मानांकन आहे. सरकारनेच नावावर शिक्का मारला, आता बाहेरचा कोण ते वापरणार? हे तिन्ही आधार हवेतले नाहीत. प्रत्येकाच्या मागे खरा कायदा आहे. त्या कायद्यातून काढलेले अनुमान मात्र टिकत नाही.

हे अनुमान इतके सहज पटते याचे कारण आपल्या अनुभवात आहे. आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतले सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक केरळपासून आसामपर्यंत पसरले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्या दुकानाचे नाव मुंबईच्या कार्यालयात नोंदवले तर ते कोचीत चालते, गुवाहाटीत चालते, लुधियानात चालते. राज्य बदलते, भाषा बदलते, नोंद तीच राहते. ज्या पिढीने हे पाहिले तिला नोंदणीची हद्द दिसतच नाही, आणि जे राज्याच्या सीमेवर अडले नाही ते देशाच्या सीमेवर का अडावे, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे.

आटपाडीच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. आटपाडी हा औंध संस्थानचा भाग होता. ते संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते, आणि मध्ये कुठे ब्रिटिश सातारा जिल्हा, कुठे सांगली-मिरज-जतसारखी दुसऱ्यांची संस्थाने. याच औंधच्या राजांनी, पंत प्रतिनिधींनी, दिलेल्या जमिनीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर निघू लागले. नांगर गिऱ्हाइकाकडे जाताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. हिंदुस्थानात ट्रेडमार्क नोंदणीचा पहिला कायदा १९४० साली झाला आणि त्याचा अंमल ब्रिटिश हिंदुस्थानापुरता लिहिलेला होता. त्या कायद्याच्या दृष्टीने औंध संस्थान हद्दीबाहेर होते. आज किर्लोस्करवाडीतले, आटपाडीतले नाव एका नोंदीने साऱ्या भारतात राखले जाते ते संस्थाने विलीन होऊन देश एक झाला म्हणून, आणि संसदेने साऱ्या देशासाठी एक कायदा केला म्हणून. नोंदणीची हद्द म्हणजे ती करणाऱ्या सत्तेची हद्द. जगाला अशी एक सत्ता नाही, एक संसद नाही, म्हणून जगाला पुरणारी एक नोंदही नाही.

हे माझे तर्कट नव्हे. औद्योगिक मालमत्तेविषयीचा १८८३ चा पॅरिस करार या क्षेत्राचा पाया आहे आणि भारत ७ डिसेंबर १९९८ पासून त्याचा सदस्य आहे. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की एका सदस्य देशात रीतसर नोंदलेले चिन्ह दुसऱ्या देशांतल्या, अगदी मूळ देशातल्या नोंदीपासूनही स्वतंत्र मानले जाईल. याच करारामुळे भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते. सवलत मिळते ती तारखेची. हक्क प्रत्येक देशाकडून वेगळाच मिळवावा लागतो.

आता माद्रिद. मूळ करार १८९१ चा. आज जी व्यवस्था चालते ती १९८९ च्या प्रोटोकॉलवर, आणि तो १ एप्रिल १९९६ पासून व्यवहारात आला. भारत ८ जुलै २०१३ रोजी त्यात आला. अर्ज आपल्या नोंदणी कार्यालयामार्फतच, ऑनलाइन करावा लागतो, आणि त्याला भारतातला आधीचा अर्ज किंवा नोंद यांचा आधार लागतो. आपले कार्यालय पाहते ते एवढेच की चिन्ह, माल आणि मालक मूळ अर्जाशी जुळतात का. मग अर्ज जिनिव्हाला, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो. तिथे नमुना, वर्गवारी आणि शुल्क तपासले जाते. तुमच्यासारखे नाव दुबईत किंवा लंडनमध्ये आधीपासून आहे का, हे जिनिव्हात कुणी पाहत नाही. ते पाहण्याचा अधिकारच जिनिव्हाला नाही. आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नोंद होते, प्रमाणपत्र निघते, आणि त्यानंतर तुम्ही ज्या देशांची नावे लिहिली त्यांना कळवले जाते.

गैरसमजाचे मूळ इथे आहे. प्रमाणपत्र आधी हाती पडते, देशांचा निर्णय नंतर होतो. प्रत्येक देश आपल्या कायद्याने चिन्ह तपासतो. त्यासाठी त्याला बारा किंवा अठरा महिन्यांची मुदत असते. त्याने मुदतीत नकार कळवला नाही, किंवा संरक्षण मान्य केल्याचे कळवले, तर त्या देशात ते चिन्ह तिथल्याच नोंदीसारखे धरले जाते. नकार आला तर त्याच देशातला वकील नेमून, त्याच देशाच्या पद्धतीने, त्याच देशाचे शुल्क भरून उत्तर द्यावे लागते. दहा देश लिहिले तर दहा वेगवेगळे निकाल लागू शकतात. एका क्रमांकाखाली दहा स्वतंत्र हक्क असतात. त्यांतले चार मिळाले आणि सहा नाकारले गेले तरी क्रमांक तोच राहतो. ज्याने ते प्रमाणपत्र चौकटीत लावून भिंतीवर टांगले, त्याने निकाल लागण्याआधीच स्वतःला विजयी ठरवले.

आणखी एक गोष्ट डाळिंबवाल्याला दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर कळेल. डाळिंबाची गुटी बांधली की फांदीला मुळ्या फुटतात, पण कापून वेगळी करेपर्यंत ती झाडावरच जगते. तोवर झाड वाळले तर गुटीही जाते. आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षे तशीच मूळ भारतीय अर्जावर जगते. त्या काळात भारतातला अर्ज फेटाळला गेला, मागे घेतला गेला, किंवा त्याच मुदतीत सुरू झालेल्या आक्षेपातून पुढे पडला, तर ज्या मालापुरता तो पडला त्या मालापुरते सगळ्या देशांतले संरक्षण एकदम पडते. भारतात अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणालाही आक्षेप घेता येतो. म्हणजे तासगावच्या एखाद्या व्यापाऱ्याने घेतलेल्या आक्षेपाने लंडन आणि सिंगापूरचे हक्कही जाऊ शकतात. तीन महिन्यांच्या आत त्या त्या देशात थेट अर्जात रूपांतर करून जुनी तारीख राखता येते, पण तेव्हा प्रत्येक देशाचा खर्च वेगळा, आणि एका अर्जात काम उरकल्याचे जे समाधान होते ते संपते.

यावरून एक गोष्ट निघते जी कार्यशाळांत क्वचितच सांगितली जाते: ज्या नावाचा भारतातला पाया कच्चा, त्याने माद्रिदच्या वाटेला घाईने जाऊ नये. आणि आपल्याकडच्या पेट्यांवरची पुष्कळ नावे कच्चीच आहेत. ‘आटपाडी डाळिंब’ हे शब्द एकट्या व्यापाऱ्याला मिळणार नाहीत, कारण १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे नववे कलम मालाचे वर्णन किंवा उगमस्थान सांगणाऱ्या शब्दांवर एकाची मक्तेदारी मानत नाही. ‘भगवा’ हे वाणाचे नाव; ते साऱ्या बागाईतदारांचे आहे. ‘गोल्ड’, ‘फ्रेश’, ‘प्रीमियम’ यांवर लढणे म्हणजे पैसा वाया घालवणे. देवांची नावे तर देशभर शेकडो अर्जदारांनी घेतलेली आहेत. मालाबद्दल काहीही न सांगणारे, आपण घडवलेले नावच पाया म्हणून चालते.

कीर्तीच्या आधाराकडे वळतो. पूर्वपक्षाच्या बाजूने सर्वात वजनदार निकाल म्हणजे मिल्मेट ऑफ्थो विरुद्ध अलर्गन, २००४. डोळ्यांच्या थेंबांचे नाव भारतीय कंपनीने भारतात आधी वापरले होते, तरी जगाच्या बाजारात आधी आलेल्या परदेशी कंपनीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने वरचढ मानला. या निकालावर बोट ठेवून ‘जगात पहिला तो सर्वत्र पहिला’ असे म्हटले जाते. पण त्याच न्यायालयाने १४ डिसेंबर २०१७ रोजी टोयोटा विरुद्ध प्रियस ऑटो या खटल्यात काय म्हटले हे विसरून चालणार नाही. टोयोटाची प्रियस गाडी जपानात १९९७ पासून विकली जात होती. मोटारींच्या सुट्या भागांच्या एका भारतीय कंपनीने ते नाव २००१ पासून वापरले आणि २००२ मध्ये नोंदवले. टोयोटा न्यायालयात आली २००९ मध्ये. न्यायालयाने सांगितले की चिन्हाचा हक्क प्रदेशागणिक असतो. भारतीय कंपनीने नाव घेतले तेव्हा भारतातल्या ग्राहकांत टोयोटाच्या या नावाची पुरेशी प्रतिष्ठा होती हे सिद्ध व्हायला हवे होते, आणि ते झाले नाही. जगातल्या सर्वात मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एकीला भारतात हा नियम लागू झाला. मग आटपाडीच्या पेटीला दुबईत वेगळा नियम कोण लावील?

प्रसिद्ध चिन्हांना विशेष संरक्षण आहे, हे खरे. पॅरिस करारात ते आहे, आपल्या कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. पण प्रसिद्धी ज्या देशात संरक्षण मागायचे त्या देशातली पाहिली जाते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ‘किर्लोस्कर’ या नावाला इतकी घरोघरची ओळख आहे असे मानले की वेगळ्या मालावरही दुसऱ्याला ते वापरू दिले नाही. कुंडलजवळच्या माळावरून निघालेल्या नावाने मिळवलेला हा मोठा मान. तरीही तो भारतीय न्यायालयाने भारतीय ग्राहकाकडे पाहून दिलेला निर्णय होता, आणि दुसऱ्या देशाचे न्यायालय त्याने बांधले जात नाही.

बाहेरचे एकच उदाहरण देतो, कारण त्यात पैसा, वकील आणि कीर्ती यांपैकी कशाचीच वाण नव्हती. ॲपल कंपनीने २००९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीमार्फत तैवानच्या प्रोव्ह्यूकडून ‘आयपॅड’ या नावाचे हक्क विकत घेतले. आपण अनेक देशांतले हक्क एकदम घेतले असा तिचा समज होता. चीनमधली नोंद मात्र प्रोव्ह्यूच्या शेन्झेनमधल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर होती. खटले झाले, काही ठिकाणी दुकानांतून आयपॅड काढावे लागले, आणि २०१२ मध्ये ॲपलने ६ कोटी डॉलर देऊन चीनपुरते नाव सोडवून घेतले. चीनमध्ये सामान्यतः आधी वापरणाऱ्यापेक्षा आधी नोंदवणाऱ्याचा हक्क मोठा असतो. आपल्याकडे कायद्याचे चौतिसावे कलम आधीच्या वापराला मान देते, म्हणून ‘आम्ही वीस वर्षे हेच नाव वापरतो’ हे वाक्य आपल्याला पुरेसे वाटते. शेन्झेनमध्ये ते पुरत नाही.

भौगोलिक मानांकनाचा आधार सर्वांत लाडका आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधल्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट आली. तो संताप मला योग्य वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या चामडे कमावून हात झिजवलेल्या कारागिरांचे नावही न घेता त्यांचे घाट मंचावर मिरवणे हे अशोभनीय होते, आणि टीका झाल्यावर या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. पण त्या वेळी ‘मानांकनाचा भंग झाला’ असे जे सर्रास लिहिले गेले ते कायद्याला धरून नव्हते. कोल्हापुरी चपलेचे मानांकन २०१९ चे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत, म्हणजे आटपाडीही त्या क्षेत्रात येते. मानांकन नावाचे रक्षण करते, आणि ते भारतात. प्राडाने ‘कोल्हापुरी’ हे नाव वापरलेच नव्हते. तिने घाट घेतला होता, तोही इटलीत. मुंबई उच्च न्यायालयासमोर जनहित याचिका गेली तेव्हा १६ जुलै २०२५ रोजी ती फेटाळली गेली. याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नाहीत, दाद मागायची तर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मागावी, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे ज्या कागदावर आपण विसंबलो त्याला तीन मर्यादा एकदम पडल्या: देशाची, नावाची आणि धारकाची. मानांकनांसाठी लिस्बन करार आणि त्याचा जिनिव्हा अधिनियम ही वेगळी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, पण भारत तिचा सदस्य नाही. बाहेर मानांकन राखायचे तर देशागणिक तिथल्या कायद्याने पावले उचलावी लागतात. दार्जिलिंग चहासाठी टी बोर्डाने ती वर्षानुवर्षे उचलली. युरोपीय संघात त्याचे सामूहिक चिन्ह नोंदलेले होते, २०११ मध्ये तिथले भौगोलिक संरक्षणही मिळाले. तरीही ‘दार्जिलिंग’ या नावाने अंतर्वस्त्रे विकणाऱ्या फ्रेंच कंपनीला आपले चिन्ह राखता आले. युरोपीय न्यायालयाने २० सप्टेंबर २०१७ रोजी टी बोर्डाचे अपील फेटाळले. जागे राहून, पैसा खर्चून, सरकारी पाठबळ असताना ही स्थिती. मग सोलापूरच्या नावावर २०१६ मध्ये मिळालेल्या मानांकनाच्या भरवशावर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीने परदेशात निर्धास्त राहावे, याला आधार काय?

पेटीवरच्या एका खुणेचीही इथे आठवण करून देतो. नावापुढे वर्तुळातले आर हे इंग्रजी अक्षर छापण्याची हौस वाढते आहे. ती खूण नोंद झाली आहे असे सांगते, आणि नोंद नसताना तसे सांगणे आपल्या कायद्याच्या १०७ व्या कलमाखाली दंडास पात्र आहे. ब्रिटनच्या कायद्यात तर तो गुन्हा आहे. भारतात नोंद झाली म्हणून तीच पेटी तीच खूण लावून लंडनला पाठवणारा माणूस जगभर एकच मालकी असते या समजुतीने कायद्याच्या पकडीत जातो. नोंद देशापुरती नसती तर असा गुन्हा संभवलाच नसता.

इथे दुसऱ्या टोकाचे मतही निकाली काढले पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा अर्थ ‘मग हे सगळे मोठ्या कंपन्यांसाठी, आपण नादाला लागू नये’ असा लावला जाईल. तो अर्थ मला मान्य नाही. माद्रिद उपयोगी आहे, फक्त तो हक्क मिळवण्याचा रस्ता आहे. दहा वर्षांनी नूतनीकरण एकाच ठिकाणी होते, मालकाचे नाव बदलले तर ते एकाच अर्जाने सगळीकडे बदलते, आणि नवे देश पुढे केव्हाही जोडता येतात. खर्चही समजून घेण्याजोगा आहे: चिन्ह रंगीत नसेल तर मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक, रंगीत असेल तर ९०३, भारतीय कार्यालयाचे ५,००० रुपये, शिवाय प्रत्येक देशाचे वेगळे शुल्क. म्हणजे मूळ शुल्कच हजारो रुपयांच्या घरात जाते. भारतातला अर्ज मात्र व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपयांत, दर वर्गामागे, करता येतो. हा पहिला अर्ज न करण्याला कोणतीही सबब नाही.

सिद्धांत असा मांडतो: माल जिथे उतरतो तिथे नोंद करावी, आणि जिथे नाव अडवले जाऊ शकते तिथे माल उतरण्याआधी करावी. भारतीय डाळिंबाचे नेहमीचे बाजार आहेत संयुक्त अरब अमिरात, बांगलादेश, नेपाळ, नेदरलँड्स. अमिरात २८ डिसेंबर २०२१ पासून माद्रिदमध्ये आहे. त्याआधी तिथे वेगळाच अर्ज करावा लागे. बांगलादेश आणि नेपाळ माद्रिदमध्ये नाहीत. म्हणजे आपल्या दोन जवळच्या गिऱ्हाइकांसाठी तो बहुचर्चित एक अर्ज निरुपयोगी आहे. ढाक्यात आणि काठमांडूत तिथल्या कार्यालयातच जावे लागते. रॉटरडॅमसाठी नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग मिळून बेनेलक्सची नोंद घेता येते किंवा साऱ्या युरोपीय संघाची. संघाची नोंद २७ देशांना पुरते, पण एकाही सदस्य देशातल्या जुन्या हक्काने ती अख्खी अडू शकते. २०२१ च्या आरंभापासून ब्रिटन त्यात धरला जात नाही.

देशांची लांबलचक यादी भरण्यानेही सुरक्षितता येत नाही. वापर नसलेली नोंद बहुतेक ठिकाणी काही वर्षांनी रद्द होऊ शकते: चीनमध्ये तीन वर्षांनी, युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये पाच वर्षांनी. अमेरिकेत तर पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान वापराचे शपथपत्र द्यावे लागते, नाहीतर हक्क जातो. जिथे पाच वर्षांत एकही पेटी जाणार नाही त्या देशाचे शुल्क भरण्यापेक्षा तोच पैसा योग्य वर्गांवर घालावा. ताजे डाळिंब एकतिसाव्या वर्गात, बेदाण्यासारखी सुकवलेली फळे एकोणतिसाव्यात, रस बत्तिसाव्यात. आज फळ विकणारा उद्या रस विकणार असेल तर बत्तिसावा वर्ग एखाद्या दूरच्या देशापेक्षा महत्त्वाचा आहे. नाव अरबीत किंवा चिनीत कसे लिहिले जाईल हेही आपणच ठरवून नोंदवावे, नाहीतर तिथला बाजार आपल्या मनाने ते लिहितो आणि त्या लिपीतले नाव भलताच कुणी घेऊन बसतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालकाच्या रकान्याची. परदेशातला आयातदार अनेकदा आपुलकीने म्हणतो, ‘इथली नोंदणी मी करून घेतो, तुम्ही काळजी करू नका.’ तो ती स्वतःच्या नावाने करतो. पुढे भाव पटला नाही, दुसरा खरेदीदार शोधला, की आपल्याच नावाचा माल त्या बंदरात उतरवायला त्याची परवानगी लागते. मालकाच्या संमतीविना प्रतिनिधीने केलेली अशी नोंद रद्द मागण्याची तरतूद पॅरिस करारात आहे. पण ती परक्या न्यायालयात, परक्या भाषेत सिद्ध करावी लागते, आणि संमती तोंडी दिली होती की नव्हती यावर सगळे अडते. हाच धोका देशातल्या निर्यातदाराच्या बाबतीतही असतो. माल शेतकऱ्याचा, पेटीवर नाव निर्यातदाराचे, असा व्यवहार असेल तर परदेशात वाढणारी कीर्ती निर्यातदाराची होते, बागेची नव्हे.

म्हणून आटपाडीसारख्या तालुक्यात नावाचा मालक एकटा बागाईतदार असण्यापेक्षा उत्पादकांची संस्था असावी असे माझे ठाम मत आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सामूहिक चिन्हाची आणि प्रमाणन चिन्हाची स्वतंत्र प्रकरणे आहेत. सदस्य कोण, फळाचा आकार आणि रंग काय, अवशेषांची तपासणी कुठे, नियम मोडला तर चिन्ह कसे काढून घ्यायचे, हे नियमावलीत लिहून संस्थेला असे चिन्ह घेता येते आणि सामूहिक चिन्ह माद्रिदमार्गे बाहेरही नेता येते. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी या तालुक्याने एकत्र येऊन वर्षानुवर्षे लढा दिला आहे. नावासाठी एकत्र येणे त्याहून अवघड नाही. खर्च वाटला जातो, माल पुरेसा असल्याने वापर खंडत नाही, आणि आयातदाराशी बोलताना एका शेतकऱ्याच्या जागी संस्था बसते.

२०२५ च्या जानेवारीत भारतीय डाळिंब समुद्रमार्गे पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात उतरले. बाजार वाढतो आहे आणि नावे घेणारे वाढत्या बाजाराकडेच पाहत असतात. आटपाडीच्या उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे: पुढच्या हंगामाचा करार करण्याआधी भारतातला अर्ज संस्थेच्या नावाने दाखल करा, त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत तुमचा माल ज्या दोन-तीन देशांत खरोखर जातो तिथले अर्ज करा, आणि आयातदाराच्या करारात चिन्हाचा मालक कोण हे एका वाक्यात लिहून घ्या.